तोडण्याआधी पाहून घ्यावे : इंग्लंडमधील ग्रामीण बागांच्या सफाईचा इतिहास

१.

जेन ऑस्टिनची ‘मॅन्सफील्ड पार्क’ (१८१४) ही कादंबरी शिकवताना एका प्रसंगापाशी आम्ही वर्षानुवर्षे अडखळत आलो आहोत. श्रीमंत पण मंदबुद्धी असा रशवर्थ आपल्या सॉदर्टन या वडिलोपार्जित वास्तूभोवतीची बाग ‘सुधारण्या’चे बेत जेवणाच्या टेबलावर ऐकवत असतो. मित्राच्या घराजवळची दोन-तीन जुनी झाडे तोडताच समोरचा देखावा कसा मोकळा झाला हे तो सांगतो आणि सॉदर्टनची जुनी वृक्षवीथीही अशीच तोडली जाईल, असे सुचवतो. ते ऐकून एरवी गप्प राहणारी फॅनी प्राइस हळहळते. विल्यम कूपरच्या तोडल्या गेलेल्या वृक्षवीथींवरील ओळी तिला आठवतात. सॉदर्टन तोडफोडीपूर्वी, आहे तसे, एकदा पाहायला मिळावे असे तिला वाटते.

वर्गात प्रश्न येतो तो असा : जी झाडे या मुलीने पाहिलेलीच नाहीत, त्यांच्यासाठी तिने दुःख का करावे? आम्ही आजवर ‘फॅनीची संवेदनशीलता’, ‘निसर्गप्रेम’, ‘स्वच्छंदतावादाची चाहूल’ अशी ठरलेली उत्तरे देत आलो. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत. फॅनी ज्या कुऱ्हाडीला घाबरते ती त्या काळी इंग्लंडच्या ग्रामीण भागात खरोखरच चालत होती, हे त्यांतून कळत नाही. बागेचा इतिहास आपल्याकडे लागवडीचा इतिहास म्हणून वाचला जातो. परंतु जवळजवळ प्रत्येक नव्या बागेखाली एक जुनी बाग गाडलेली असते. त्या सफाईचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

२.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील सरदारांच्या वाड्यांभोवतीच्या बागा भूमितीच्या नियमांनी आखलेल्या असत. सरळ वाटा, कातरून आकार दिलेली यूची झाडे, नक्षीदार ताटवे, दगडी कठड्यांचे चौथरे, कारंजी आणि क्षितिजाकडे धावणाऱ्या वृक्षवीथी असे त्यांचे स्वरूप होते. फ्रेंच आणि डच नमुन्यांचा हा प्रभाव होता. पुढे अभिरुची पालटली, आणि तिचा पहिला आवाज उठला तो बागकामाच्या नव्हे, वाङ्मयाच्या क्षेत्रात. जोसेफ अ‍ॅडिसनने १७१२ मध्ये ‘स्पेक्टेटर’मधून आणि अलेक्झांडर पोपने १७१३ मध्ये ‘गार्डियन’मधून कातरलेल्या झाडांची टर उडवली. निबंधकारांची ही थट्टा पुढे माळ्यांच्या हाती कुदळ होऊन आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही कुदळ सर्वांत समर्थपणे चालवणारा माणूस म्हणजे लॅन्सलट ब्राउन (१७१६–१७८३). प्रत्येक जागेत सुधारणेच्या ‘केपेबिलिटीज’ आहेत, असे तो यजमानांना सांगत असे. त्यावरून त्याला ‘केपेबिलिटी’ ब्राउन हे टोपणनाव पडले. दीडशेहून अधिक ठिकाणांशी त्याच्या कामाचा संबंध जोडला जातो. भिंती पाडायच्या, चौथरे सपाट करायचे, ताटवे उखडायचे, ओढा अडवून तळे करायचे आणि हिरवळ थेट वाड्याच्या पायरीपर्यंत आणायची ही त्याची रीत होती. ब्लेनहाइमच्या वाड्यासमोर हेन्री वाइज याने अठराव्या शतकाच्या आरंभी घातलेला भव्य नक्षीदार ताटवा ब्राउनने १७६० च्या दशकात काढून टाकला. आज आपण ज्याला ‘इंग्लंडचा नैसर्गिक देखावा’ म्हणतो आणि चित्रपटांतून डोळे भरून पाहतो, त्याचा मोठा भाग असा उखडून, मातीचे ढीग हलवून घडवलेला आहे.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या सफाईत केवळ झाडे आणि ताटवेच गेले नाहीत, माणसेही गेली. ऑक्सफर्डशरमधील न्यूनम कोर्टनी हे गाव लॉर्ड हारकोर्टने १७६० च्या दशकात आपल्या उद्यानाच्या देखाव्यासाठी हलवले. डॉर्सेटमध्ये लॉर्ड मिल्टनने आपल्या वाड्यालगतचे मिडल्टन हे बाजाराचे गाव हळूहळू मोडून काढले आणि काही अंतरावर दरीत एकसारख्या घरांचे मिल्टन अ‍ॅबस उभे केले. या कामाशी ब्राउनचा संबंध होता. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या ‘द डेझर्टेड व्हिलेज’ (१७७०) या कवितेतील ओस गावाचा संबंध अनेक अभ्यासक न्यूनम कोर्टनीशी जोडतात. या कवितेकडे आपण स्मरणरंजन म्हणून पाहतो. बागेच्या इतिहासाच्या बाजूने वाचली की ती तक्रार होते. एकाच्या खिडकीतून दिसणारा देखावा मोकळा व्हावा म्हणून दुसऱ्याचे घर ‘अडगळ’ ठरवले गेले होते. एखाद्या गोष्टीला ‘माजलेले रान’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न बागेच्या कुंपणाआत राहत नाही.

३.

ब्राउनच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १७८८ मध्ये, हम्फ्री रेप्टन या चाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थाने ‘लँडस्केप गार्डनर’ म्हणून व्यवसाय सुरू केला. यजमानाला पटवण्याची त्याची युक्ती मोठी चतुर होती. प्रत्येक जागेसाठी तो तांबड्या चामड्याच्या बांधणीचे हस्तलिखित पुस्तक तयार करी. त्यातील जलरंगातील चित्रावर कागदाची एक झडप असे. झडप खाली असताना जागा आहे तशी दिसे. झडप उचलली की नको असलेले कुंपण, झाड किंवा झोपडी नाहीशी होऊन नवा देखावा प्रकट होई. तोडण्याचे काम इतके सोपे कधीच नव्हते. एका बोटाने कागद उचलला की दोनशे वर्षांची झाडे जात.

ऑस्टिनने रेप्टनचे नाव कादंबरीत स्पष्टपणे घेतले आहे, एवढेच नव्हे तर त्याचा दिवसाचा दर पाच गिनी हाही रशवर्थच्या तोंडी घातला आहे. हे ऐकीव ज्ञान नव्हते. तिच्या आईचे नातलग रेव्हरंड टॉमस ली यांनी रेप्टनकडून आधी अ‍ॅडलस्ट्रॉपचे काम करून घेतले होते. १८०६ मध्ये त्यांच्याकडे स्टोनली अ‍ॅबी ही मोठी मालमत्ता आली, तेव्हा ऑस्टिन आपल्या आईसह तेथे राहून आली होती. पुढे १८०९ मध्ये रेप्टनने स्टोनलीसाठीही असे तांबडे पुस्तक केले. रशवर्थच्या बडबडीत जो उत्साह आहे तो लेखिकेने स्वतःच्या आप्तांच्या बैठकीत ऐकलेला असावा, असा तर्क करायला पुरेशी जागा आहे.

कादंबरीत या चर्चेला एडमंडचे एक उत्तर आहे. आपली जागा असती तर आपण ती कुणा सुधारकाच्या हाती सोपवली नसती, थोडे सौंदर्य कमी मिळाले तरी ते स्वतःच्या आवडीने आणि क्रमाक्रमाने मिळवले असते, असा त्याचा आशय. आम्हांला या कादंबरीचा नैतिक गाभा याच ‘क्रमाक्रमाने’त दिसतो. पुढे सॉदर्टनच्या बागेत मरायाला बंद फाटकाची किल्ली येईपर्यंत थांबवत नाही. ती कडेने वाट काढून पलीकडे जाते. वृक्षवीथी तोडण्याची घाई आणि फाटक ओलांडण्याची घाई या एकाच स्वभावाच्या दोन खुणा आहेत. फॅनी मात्र बाकावर बसून राहते आणि पाहते. तोडण्याआधी पाहून घेण्याची जी इच्छा तिने जेवणाच्या वेळी बोलून दाखवली होती, ती या बाकावर तिची वृत्ती म्हणून दिसते.

४.

या इतिहासातील आम्हांला सर्वांत हृदयस्पर्शी वाटणारा दस्तऐवज एका जमीनदाराचा कबुलीजबाब आहे. हेरफर्डशरमधील फॉक्सली येथील युव्हडेल प्राइस (१७४७–१८२९) याचे नाव सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘पिक्चरेस्क’ या संकल्पनेमुळे परिचित असते. बर्कने ‘उदात्त’ आणि ‘सुंदर’ यांची मांडणी केली होती. प्राइसने १७९४ मधील आपल्या प्रबंधात खडबडीतपणा, आकस्मिकता आणि काळाचा हात लागल्याच्या खुणा यांसाठी एक तिसरे स्थान मागितले. ब्राउनपंथी सपाटीकरणावर त्याने कडाडून टीका केली. त्याच वर्षी त्याचा शेजारी व मित्र रिचर्ड पेन नाइट याने ‘द लँडस्केप’ ही कविता प्रसिद्ध केली आणि वादाला तोंड फुटले. रेप्टननेही प्राइसला उत्तर देणारे पत्र छापले.

हा वाद पाठ्यपुस्तकांत येतो. त्यामागची वेदना बहुधा येत नाही. १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, घराजवळच्या बागेविषयी लिहिताना, प्राइस एकाएकी स्वतःकडे वळतो. मी या विषयावर इतक्या कळकळीने बोलतो याचे कारण, इतरांना ज्यासाठी दोष देतो ते मी स्वतः केले आहे, असे तो सांगतो. त्याच्या घरालगत जुन्या पद्धतीची बाग होती. तिच्यात चौथरा, पायऱ्या, लोखंडी कठडे, फळझाडे आणि पुतळे होते. बालपणापासूनचा त्याचा तिच्याशी संबंध होता. तरुणपणी मालमत्ता हाती आल्यावर त्याने ती समूळ नष्ट केली. ती त्याला नावडती होती म्हणून नव्हे, तर तशा बागा ठेवू नयेत अशी तेव्हाची रीत होती म्हणून. नंतर आयुष्यभर त्याला तिची हळहळ वाटत राहिली.

या कबुलीपाशी थोडे थांबले पाहिजे. समीक्षेचा एक सिद्धांत येथे पश्चात्तापातून जन्मलेला दिसतो. काळाच्या खुणांना सौंदर्यमूल्य आहे, हे प्राइसला कळले ते त्याने त्या खुणा पुसल्यानंतर. भिंतीवरची शेवाळ, झिजलेली पायरी, वेडेवाकडे वाढलेले अंजिराचे झाड यांपैकी काहीही पैसे देऊन पुन्हा आणता येत नाही. भिंत वर्षभरात बांधून होते, तिच्यावरची शेवाळ मात्र मजुरी देऊन मिळत नाही. पश्चात्तापाने शहाणा झालेला हा माणूस आपल्या पिढीला सांगत होता की, फॅशन आणि अभिरुची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली नेहमी दुसरीच्या वेषात येते.

गंमत अशी की, रेप्टनही अखेरीस याच दिशेने सरकला. १८११ मध्ये गाडीच्या अपघातात जायबंदी होऊन तो चाकांच्या खुर्चीला खिळला. त्यानंतर अ‍ॅशरिज (१८१३) सारख्या आराखड्यांत त्याने घराजवळ फुलांच्या छोट्या बागा पुन्हा आणल्या, गुलाबांसाठी वेगळी जागा राखली. ब्लेनहाइमलाही विसाव्या शतकात, १९२० च्या दशकात, फ्रेंच रचनाकार अशील द्युशेन याच्या हातून भौमितिक जलचौथरे परत आले. दीडशे वर्षांपूर्वी जे उखडले होते, त्याच्याच नात्यातले काहीतरी मोठा खर्च करून पुन्हा बसवावे लागले.

५.

येथवरचा इतिहास नीटनेटक्या बागा मोडण्याचा झाला. उलट परिस्थितीत काय होते? कुणी न मोडता, नुसत्या दुर्लक्षाने बाग रानात जमा झाली असेल, तर ती साफ करणाऱ्याचे कर्तव्य काय? विसाव्या शतकाने याची दोन उत्तरे दिली.

पहिले उत्तर केंट परगण्यातील सिसिंगहर्स्टचे. एलिझाबेथकालीन वाड्याचे हे अवशेष. सप्तवार्षिक युद्धात (१७५६–१७६३) येथे फ्रेंच युद्धकैदी ठेवले होते. पुढे रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन येथे पहाऱ्यावरचा तरुण अधिकारी होता. नंतर वाड्याचा बहुतेक भाग पाडला गेला आणि उरलेल्या इमारती गोरगरिबांचे आश्रयगृह आणि शेतमजुरांची घरे म्हणून वापरल्या गेल्या. १९३० मध्ये कवयित्री व कादंबरीकार व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा पती, मुत्सद्दी हॅरल्ड निकल्सन यांनी ही जागा घेतली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, व्हिटाचे बालपण नोल या प्रचंड वाड्यात गेले होते आणि १९२८ मध्ये वडील वारल्यावर, केवळ स्त्री असल्याने, तो वारसा तिला मिळाला नव्हता. त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फने ‘ऑर्लँडो’ लिहून तिला तो कागदावर परत केला. जमिनीवरचा वारसा मात्र व्हिटाला स्वतःच्या हाताने, उकिरडा उपसून मिळवावा लागला.

उकिरडा हा शब्द येथे अलंकारिक नाही. जागेवर मोडक्या खाटा, नांगराचे फाळ, कोबीची बुडखे, गंजलेल्या तारा, सार्डिन माशांचे रिकामे डबे यांचे ढीग होते, आणि त्यांवर अंगाची आग करणारे नेटल आणि बाइंडवीडची वेल माजलेली होती. मुळाचा बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी ही वेल पुन्हा डोके काढते. ही सफाई संपायला जवळजवळ तीन वर्षे लागली. हॅरल्डने सरळ रेषांचा आराखडा केला आणि व्हिटाने त्यात सैल, भरघोस लागवड केली. एकाच घरात भूमिती आणि रान यांचा तो जुना वाद नांदू लागला. बाग १९३८ मध्ये लोकांसाठी खुली झाली. १९४६ पासून १९६१ पर्यंत व्हिटा ‘ऑब्झर्व्हर’मध्ये बागेविषयी लिहीत राहिली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते या दांपत्याने काय तोडले नाही ते. जुन्या हेझलच्या झाडांची एक राई त्यांना तेथे आढळली. ती त्यांनी राखली आणि तिच्या पायथ्याशी नवी लागवड केली. पडक्या भिंती पाडण्याऐवजी त्यांवर गुलाब चढवले. आणि गवताच्या, काट्यांच्या गुंत्यात त्यांना गॅलिका कुळातील एक जुना, गर्द किरमिजी गुलाब वाढताना दिसला. तो आज ‘सिसिंगहर्स्ट कॅसल’ या नावाने ओळखला जातो. सरसकट नांगर फिरवला असता तर तो गुलाब तणाबरोबर जळाला असता. सावकाश, हाताने आणि डोळे उघडे ठेवून केलेली सफाई हेसुद्धा एक प्रकारचे वाचन असते. जुन्या पोथीचा अभ्यासक डाग आणि अक्षर यांत जसा भेद करतो, तसाच भेद येथे तण आणि रोप यांत करावा लागतो.

मात्र व्हिटा भूतकाळाची पुजारीण नव्हती. १९५० च्या सुमारास तिने जी प्रसिद्ध पांढऱ्या फुलांची बाग केली, तेथे आधी तिचीच गुलाबाची बाग होती. स्वतः लावलेलेही तिने हलवले. जतन म्हणजे काहीच न हलवणे, असा तिचा अर्थ नव्हता.

६.

दुसरे उत्तर कॉर्नवॉलमधील हेलिगनचे. ट्रिमेन घराण्याची ही चारशे वर्षांची मालमत्ता. पहिल्या महायुद्धापूर्वी येथे माळ्यांची मोठी फौज होती. भिंतीआड भाजीपाला, काचघरे, शेणखताच्या उष्णतेवर अननस पिकवण्याचे खड्डे, हिमालयातून आलेली ऱ्होडोडेंड्रॉनची झाडे असे त्या बागेचे वैभव होते. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, माळी सैन्यात गेले आणि त्यांतील अनेक परतले नाहीत. पुढे मालकही परदेशी स्थायिक झाले, घर भाड्याने गेले आणि बागेवर ब्रॅम्बलचे काटे, आयव्ही आणि लॉरेल यांचे दाट आच्छादन चढले. जानेवारी १९९० मधील मोठ्या वादळात येथील शेकडो झाडे पडली. त्यानंतर घराण्याचे वंशज जॉन विलिस, टिम स्मिट आणि जॉन नेल्सन या रानात शिरले.

भिंतीआडच्या बागेच्या कोपऱ्यात, माळ्यांच्या मोडक्या शौचकूपाच्या खोलीत, त्यांना चुन्याच्या गिलाव्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली नावे आढळली. सोबत महिना व वर्ष होते : ऑगस्ट १९१४. मालकांच्या तसबिरी सर्वत्र असतात. बाग घडवणाऱ्या हातांची सही सहसा कोठेच नसते. ती येथे मिळाली, आणि त्यामुळे या सफाईचा हेतूच बदलला. नव्या मालकाची आवड लावण्यासाठी जमीन मोकळी करणे हे येथे उद्दिष्ट राहिले नाही. त्या नावांच्या माणसांनी जे पिकवले, ते पुन्हा पिकवायचे असे ठरले. १९९२ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. अननसाचे खड्डेसुद्धा जुन्या पद्धतीने पुन्हा चालू झाले.

न्यूनम कोर्टनी आणि हेलिगन ही दोन नावे एकापाठोपाठ वाचावीत. एका ठिकाणी देखाव्यासाठी सामान्य माणसांची घरे पुसली गेली. दुसऱ्या ठिकाणी सामान्य माणसांची नावे सापडली म्हणून देखावा पुन्हा उभा राहिला. या दोन घटनांमधील अंतर सव्वादोनशे वर्षांचे आहे.

७.

या सर्वांतून ‘जुने ते राखावे’ असा सोपा निष्कर्ष निघत नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात शोभेसाठी आणलेला ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम आज तेथील जंगले गिळतो आहे आणि संरक्षणवादीच तो तोडत आहेत. आपल्याकडची घाणेरी हेच सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेतले शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आली. आज सह्याद्रीच्या उतारांवर तिला कुणी पाहुणी म्हणत नाही. कालची नवी लागवड आजचे तण होऊ शकते. तेव्हा कुऱ्हाड कधीच उचलू नये, असे कुणी म्हणणार नाही. रान काढावेच लागते, नाहीतर नवे रोप धरत नाही.

प्रश्न उचलण्याआधीच्या वेळेचा आहे. अनुभवी माळी सांगतात की, माजलेली बाग ताब्यात आली तर निदान एक वर्ष तिच्यात मोठे काही करू नये. चारही ऋतू जाऊ द्यावेत, कारण जमिनीत कोणते कंद झोपलेले आहेत हे हिवाळ्यात दिसत नाही. प्राइसने हे वर्ष घेतले नाही. सिसिंगहर्स्टला तीन वर्षे लागली, म्हणून गुलाब सापडला.

साहित्य शिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दर काही वर्षांनी आपण अभ्यासक्रमाच्या मंडळात बसतो, जुने लेखक ‘कालबाह्य’ म्हणून वगळतो आणि नव्यांना जागा करून देतो. नव्यांना जागा हवीच. परंतु वगळताना ते पुस्तक शेवटचे कधी वाचले होते, हा प्रश्न आम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारलेला नाही. एकदा एका जुन्या कवयित्रीचे नाव यादीतून काढण्याच्या बाजूने आम्हीही हात वर केला होता. तिचा संग्रह आम्ही नंतर वाचला. रेप्टनच्या चित्रावरची झडप उचलण्याइतकेच ते सोपे होते, आणि प्राइसची हळहळ काय असते ते तेव्हा थोडे समजले.

पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, तर आमचे उत्तर वेगळे असेल. फॅनी झाडांसाठी रडत नाही. आपण काय तोडत आहोत हे न पाहताच तोडले जाणार, याची तिला भीती वाटते. तिची मागणीही मोठी नाही. तोडू नका असे ती म्हणत नाही, आधी एकदा पाहू द्या इतकेच ती म्हणते.